‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे वचन बायबलमध्ये नाही

ठाणे-वाशीच्या प्रार्थना ग्रुपवर कुणाकडे आजारपण आलं की हा मेसेज हमखास येतो: ‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो.’ पाठवणाऱ्याची माया खरी असते. पण आयसीयूबाहेर मांडीवर डबा तसाच धरून बसलेल्या आईला ते झेपत नसतं, आणि मग तिला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला.

आधार देतात तो १ करिंथ १०:१३ चा, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या १०व्या अध्यायातल्या १३व्या वचनाचा. त्याच्या मागची-पुढची वचनं वाचा: विषय मोहाचा, मूर्तिपूजेचा आहे. दुःखाबद्दल पौल २ करिंथ १:८-९ मध्ये लिहितो. संकट शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा सुटली होती. म्हणूनच स्वतःवरची भिस्त सोडून त्याने देवाला धरलं. आणि त्याच पत्रात, ७:४ ला, क्लेशांतही आपला आनंद ओसंडतोय असं तोच सांगतो.