जोडाच्या अस्तराची गोधडी : थर जुळवणे आणि कच्चे टाके घालणे

आमच्याकडून वरचा पट आणि तुकड्यांचे अस्तर जोडून नेणाऱ्या व गोधडी घरी शिवणाऱ्या, तसेच थर घरी टाचून केवळ शिवणीसाठी आमच्याकडे आणणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. अस्तर एकसंध कापडाचे असेल तर ते बोटभर सरकले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तेच अस्तर जोडाचे असेल तर त्यावरच्या शिवणी सरळ रेघांसारख्या उठून दिसतात आणि गोधडी उलटताच त्यांचा तिरपेपणा नजरेत भरतो. काम करताना मात्र अस्तर सर्वांत खाली असते आणि वरचा पट अंथरल्यावर ते अजिबात दिसत नाही. म्हणून जे मोजायचे, ठरवायचे आणि खुणावायचे असेल ते थर एकावर एक चढवण्यापूर्वीच पुरे करावे, असा आमचा आग्रह आहे.

अस्तराचा जोड

आमची एकेरी गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असते. अस्तर तिच्यापेक्षा चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त, म्हणजे ६६ बाय ९६ इंच लागते. सुती साडीचे काठ उतरवले की साधारण ४१ इंचांचा पन्हा हाती उरतो, आणि साडेपाच मीटरच्या साडीतून ९६ इंचांचे दोन तुकडे निघूनही पदराकडचा भाग शिल्लक राहतो. हे दोन तुकडे सरळ शेजारी शेजारी जोडले तर शिवण बरोबर मधोमध येते. गोधडीची घडीही रोज तिथेच पडत असल्याने कापड आधी त्याच रेषेत विरते. त्याऐवजी एक अख्खा पन्हा मध्ये ठेवावा आणि दुसऱ्या तुकड्यातून साडेतेरा इंचांच्या दोन पट्ट्या काढून त्या दोन्ही अंगांना जोडाव्यात. शिवणीत अर्धा अर्धा इंच गेल्यावर मध्ये ४० आणि कडेला १३-१३, असे ६६ इंच नेमके भरतात.

काठ उतरवताना अनेकांचे मन कचरते, विशेषतः साडी आईची किंवा आजीची असेल तर, आणि ते आम्ही समजू शकतो. परंतु काठाची वीण साडीच्या अंगापेक्षा घट्ट असते, धुतल्यावर ती वेगळ्या प्रमाणात आटते आणि मग शिवणीच्या कडेने चुण्या पडतात. तो काठ वरच्या पटात आडवी पट्टी म्हणून लावावा. तिथे तो डोळ्यांसमोर राहतो आणि शोभतोही. अस्तराच्या सर्व तुकड्यांचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गोधडीच्या लांबीच्या दिशेने असावा. जुन्या कापडाशेजारी कोरे कापड लावायचे असल्यास ते आधी धुऊन वाळवावे. जोडाच्या शिवणी दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री कराव्यात, म्हणजे तिथे कणा उभा राहत नाही.

वरच्या पटाच्या शिवणी आणि अस्तराच्या शिवणी एकमेकींवर आणण्याचा प्रयत्न करू नये. त्या कधीच तंतोतंत बसत नाहीत, आणि बसल्या तरी तिथे कापडाचे इतके पदर साठतात की सुई अडते. दोहोंत किमान एक इंचाचे अंतर असावे. वरचा पट दहा-दहा इंचांच्या चौकोनांचा असेल तर रुंदीत सहा चौकोन बसतात आणि त्यांच्या शिवणी मध्यापासून १० व २० इंचांवर येतात. वर सांगितलेल्या अस्तराच्या शिवणीही मध्यापासून २० इंचांवरच आहेत. अशा वेळी मधला पन्हा शिवून ३८ इंचांचा आणि पट्ट्या १४ इंचांच्या कराव्यात, म्हणजे शिवणी एकेक इंच आत सरकतात. अस्तराच्या कडेने चौकट लावून देण्याची मागणी आमच्याकडे वारंवार येते, आणि ती लावू नये असे आम्ही प्रत्येकास सांगतो. शेवटी कडा कापताना अशी चौकट एका बाजूला दोन इंच तर दुसऱ्या बाजूला दीड इंच उरते, आणि तो फरक कोणत्याही कौशल्याने झाकता येत नाही.

जमिनीवर मांडणी

यासाठी स्वच्छ, कोरडी फरशी सर्वांत सोयीची. सतरंजी किंवा चटई खाली असू नये, कारण टाके तिच्यात अडकतात. फरशीच्या सांध्यांचा येथे मोठा उपयोग होतो. अस्तराची उलट बाजू वर करून ते असे पसरावे की त्याची एक लांब शिवण फरशीच्या एका सरळ सांध्याला समांतर राहील. मग चारही बाजूंच्या मध्यावर कागदी चिकटपट्टी लावावी, समोरासमोरच्या बाजू एकामागून एक घ्याव्यात आणि तसेच कोपऱ्यांपर्यंत जावे. कापड सपाट बसले पाहिजे, पण ताणलेले नको. एका कोपऱ्याची पट्टी उचलून पाहावी. कापड आत आक्रसले तर ते ताणलेले आहे असे समजून पट्ट्या पुन्हा लावाव्यात. ताणलेले अस्तर टाचल्यावर मोकळे झाले की आखडते आणि वरच्या पटावर सुरकुत्या उमटतात.

आता अस्तराच्या चारही कडांचे मध्य आणि प्रत्येक शिवणीची दोन्ही टोके अस्तराच्या बाहेर, फरशीवर लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर पेनाने खुणावून ठेवावीत. वरचे थर अंथरल्यावर अस्तर कोठे आहे हे केवळ या बाहेरच्या खुणाच सांगतात, त्यामुळे ही पायरी कोणीही गाळू नये. आतले दोन थर धोतराचे किंवा विरलेल्या साडीचे असतील तर त्यांचे तुकडे एकावर एक चढवू नयेत. कडेला कड भिडवून ते मोठ्या तिरप्या टाक्यांनी जोडावेत आणि हे सांधेही इतर शिवणींपासून दूर ठेवावेत. प्रत्येक थर मध्यापासून कडांकडे तळहाताने सारत बसवावा.

वरच्या पटाची लांबीत व रुंदीत घडी घालून चारही मध्य टाचणीने खुणावावेत आणि ते फरशीवरच्या खुणांशी जुळवून पट पसरावा. समोरासमोरच्या खुणांना दोरा लावून पाहिला की पट सरळ आहे की नाही हे लगेच कळते. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. ६० बाय ९० इंचांच्या पटाचे कर्ण सुमारे १०८ इंच भरतात. नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणे महत्त्वाचे आहे. अस्तराच्या मध्यभागी पदराचा चौकोन किंवा नावाची पट्टी असेल तर ही मोजणी दोनदा करावी.

कच्चे टाके

लांब सुई आणि पांढरा किंवा अगदी फिका सुती धागा घ्यावा. गडद धाग्याचा रंग ओल्या हातानेही कापडाला लागू शकतो. पहिल्या ओळींसाठी धागा गोधडीच्या लांबीपेक्षा हातभर जास्त घ्यावा आणि मध्यबिंदूपासून सुरुवात करताना गाठ न मारता अर्धा धागा मागे सोडावा. एका कडेपर्यंत टाके घालून झाले की मागे सोडलेला अर्धा धागा सुईत ओवून विरुद्ध कडेकडे जावे. अशा रीतीने मध्ये गाठ राहत नाही आणि कापड दोन्ही दिशांना सारखे बसते. टाका वरून दोन इंचांचा आणि खालून अर्ध्या इंचाचा असावा. सुईचे टोक फरशीवरून उचलताना डाव्या हातात साधा चमचा धरला, तर टोक त्याच्या कडेवर चढते आणि थर हलत नाहीत.

मधली उभी व आडवी ओळ झाली की पाच-पाच इंचांवर दोन्ही दिशांनी ओळी घालाव्यात. जोडाच्या अस्तरासाठी याखेरीज आणखी एक काम आहे. फरशीवर खुणावलेल्या शिवणीच्या टोकांमध्ये दोरा ताणून धरावा आणि शिवणीच्या दोन्ही अंगांना, तिच्यापासून एक इंचावर, एकेक जादा ओळ घालावी. अस्तराची चुणी पडते ती बहुधा या शिवणीलगतच. शेवटी वरच्या पटाच्या कडेपासून अर्धा इंच आत चौफेर टाके घालून, बाहेर राहिलेले अस्तर कडेवर दुमडून सैल टाचून ठेवावे.

मशीनवर शिवणार असाल तर टाक्यांऐवजी चार-चार इंचांवर सेफ्टी पिना लावता येतात. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्यात तर बाराही महिने, त्या न गंजणाऱ्याच घ्याव्यात, कारण गंजाचा डाग सुती कापडावरून सहसा निघत नाही.

टाचल्यानंतर

चिकटपट्ट्या काढून गोधडी उलटावी आणि अस्तरावरून हात फिरवावा. चुणी आढळल्यास तेवढीच जागा उसवून भागत नाही; तिच्या मध्याकडील बाजूच्या ओळीपासून थेट कडेपर्यंत टाके काढून पुन्हा घालावे लागतात. आतला थर पॉलिएस्टरचा असेल तर चुणीवर इस्त्री फिरवू नये.

धावदोरा मध्यापासून बाहेर घातला तर उरलासुरला सैलपणा कडेला निघून जातो. आपल्याकडे अनेक घरांत मात्र गोधडी कडेने फिरत फिरत मध्याकडे शिवतात आणि त्या पद्धतीत सगळा सैलपणा मध्ये जमा होतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियांची कवंदी नावाची गोधडीही कडेपासूनच आत शिवली जाते, पण तिचे तुकडे शिवता शिवताच लावले जात असल्याने फुगवटा साठायला वाव राहत नाही. आधीच जोडलेल्या पटाला ती सोय नाही. म्हणून कडेकडून शिवायचे असल्यास कच्च्या ओळी पाचऐवजी तीन इंचांवर घालाव्यात.

टाचलेली गोधडी आमच्याकडे आणताना घडी न घालता सैल गुंडाळी करून आणावी. बाहेरचे अस्तर कापू नये. त्यातूनच गोट दुमडायचा की वेगळा लावायचा, हे आम्ही आपल्याशी बोलून ठरवू. घरी शिवत असाल तर मधले कच्चे टाके धावदोरा पूर्ण झाल्यावर काढावेत आणि कडेची ओळ मात्र गोट लागेपर्यंत राहू द्यावी.