जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांतील इंधन व इंजिन दोषनिदान

इंजिन सुरू न होणे, चालता चालता बंद पडणे, ओढ कमी होणे, मिसिंग (एखाद्या सिलिंडरने नीट काम न करणे), जास्त धूर किंवा घटलेले ॲव्हरेज या तक्रारींचे मूळ इंधनाच्या मार्गात, हवेच्या मार्गात, प्रज्वलनात की इंजिनाच्या आत आहे, हे क्रमाने चाचण्या घेऊन ठरवण्याची पद्धत. येथे इंजिनाचे संगणकीय नियंत्रण नसलेल्या गाड्यांचाच विचार केला आहे. त्यांना स्कॅनर जोडता येत नाही. निदान कान, नाक, डोळे आणि दोन-तीन साधी मापके यांवर करावे लागते.

मुंबईचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. महिंद्र कंपनीने विलीज जीपची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे सुरू केली. शहरात आज दिसणाऱ्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत २.१ लिटर प्यूजो डिझेल इंजिनाची एमएम ५४०, थेट इंजेक्शनच्या (डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) एमडीआय इंजिनाच्या जीप आणि १९८५ मध्ये आलेली पेट्रोलवरील मारुती जिप्सी या प्रमुख होत. त्यांतील पुष्कळशा सोसायटीच्या आवारात आठवडेच्या आठवडे उभ्या असतात आणि एखाद्या रविवारी कर्जत-लोणावळ्याकडे निघतात. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील पाणी साचते, टाकी आतून गंजते आणि हा गाळ नेमका घाटात फिल्टरपर्यंत पोहोचतो. त्यामुळे तक्रार ‘इंजिन गेले’ अशी असली तरी शोध टाकीपासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

त्याआधी एक गोष्ट तपासून बाजूला ठेवावी. ओढ कमी असण्याचे कारण कधीकधी इंजिनात नसतेच. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलचा लिव्हर चुकून लागलेला राहिला असेल, ब्रेक धरून राहत असतील किंवा मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर निर्दोष इंजिनही दमते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून पाहिली आणि थोड्या अंतरानंतर ब्रेक ड्रम हाताला किती तापलेले लागतात ते पाहिले, की ही शंका बहुधा मिटते.

डिझेल गाडीतील सर्वांत फसवा दोष म्हणजे पंपाने एअर घेणे, म्हणजे डिझेलबरोबर हवा ओढणे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) भाग शोषणाखाली काम करतो. म्हणून तिथल्या चिरलेल्या पाइपातून किंवा दबलेल्या कॉपर वॉशरमधून डिझेल बाहेर न ठिबकता हवाच आत जाते. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि संशय इंजेक्शन पंपावर, म्हणजे नोझलांना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावर जातो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल भरण्याचा छोटा पंप) मारल्यावर नीट चालत असेल, तर एअरची शक्यता मोठी असते. खात्रीसाठी फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाइपाचा तुकडा बसवून इंजिन चालू ठेवावे. त्यातून बुडबुड्यांची माळ वाहताना दिसली तर निष्कर्ष स्पष्ट असतो. त्यानंतर टाकीचा पाइप सोडवून पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला थेट डिझेल द्यावे. गाडी यावर निर्वेध चालली, तर दोष टाकी, तिच्यातील जाळी किंवा तिथून येणारा पाइप यांतच आहे. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही, तरीही इंजेक्शन पंप उतरवून कॅलिब्रेशनला (मापे जुळवून घ्यायला) धाडल्यानंतर ती आठवण्याचा प्रघात अनेक गॅरेजांत आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

थोडे अंतर चालून गाडी बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज येत असेल, तर झाकणाचे हवाछिद्र बुजलेले असते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून निघालेले डिझेल काचेच्या बाटलीत स्थिर होऊ दिल्यास पाणी खाली वेगळे दिसते; काळपट, बुळबुळीत थर आढळला तर टाकी उतरवून धुण्यास पर्याय नाही. रोटरी प्रकारच्या इंजेक्शन पंपाच्या गाडीत इंधन अजिबात पुढे जात नसल्यास कट-ऑफ सोलेनॉइडला (इंधन सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेला) बॅटरीचा विद्युतदाब मिळतो की नाही, हे आधी पाहावे. तो तुटायला गंजलेली एक वायर पुरेशी असते. प्यूजोसारख्या अप्रत्यक्ष इंजेक्शनच्या (डिझेल आधी लहान पूर्वकक्षात फवारणाऱ्या) इंजिनात थंड असताना सुरू होण्यासाठी हिटर प्लग (तो कक्ष तापवणारे विजेचे प्लग) आवश्यक असतात. त्यांतील एक-दोन जळले तरी मुंबईच्या हवेत गाडी कशीबशी सुरू होते, पण सुरुवातीला पांढरा धूर सोडत मिसिंग करते.

मिसिंग नेमके कोणत्या सिलिंडरचे, हे नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपांचे नट एकेक करून किंचित सैल केल्यावर कळते. चालत्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज बसतो. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नसतो. पाइपातील दाब शंभर बारहून अधिक असू शकतो आणि डिझेलचा बारीक फवारा कातडी भेदतो, म्हणून नटाभोवती फडके गुंडाळावे आणि चेहरा व हात दूर ठेवावेत.

धुराचा रंग दिशा दाखवतो, निकाल देत नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. इथे आधी एअर फिल्टर पाहावा, मग नोझल. निळा धूर तेल जळत असल्याचा असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेटकडे (इंजिनाचे हेड व ब्लॉक यांमधील सीलकडे) वळावे लागते.

पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर हे ठिणगीचे भाग तपासावेत. दमट हवेत जुन्या हाय-टेन्शन वायरांतून ठिणगी गळते आणि अंधारात बॉनेट उघडल्यास ती डोळ्यांना दिसते. यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते, तेलाची पातळी वाढते आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. एप्रिल-मेमध्ये सायनच्या सिग्नलवर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होणारी गाडी बहुधा पेट्रोलची वाफ पाइपात अडकल्याने थांबते. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात वा चिरतात. इथेनॉल पाणीही शोषते आणि हे पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष विशेष संभवतो.

पाण्यात अडकलेल्या गाडीचे निदान स्वतंत्र आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातील असंख्य वाहने बुडाली. एअर फिल्टर ओला असल्यास स्टार्टर मारणे हीच मोठी चूक ठरते, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल किंवा प्लग काढून क्रँक हाताने फिरवावा, सिलिंडरमधील पाणी बाहेर काढावे, टाकी रिकामी करावी आणि तेल बदलूनच पुढे जावे.

इंधन, हवा आणि प्रज्वलन यांत काही सापडले नाही, तरच इंजिनाच्या आत पाहण्याची पाळी येते. चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर वाफ झटक्याझटक्याने बाहेर पडत असेल, तर पिस्टनच्या रिंग झिजल्याचा संशय येतो. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावरचा दाब) मोजावे. सगळ्या सिलिंडरांचा आकडा थोडा कमी असण्यापेक्षा त्यांच्यात मोठी तफावत असणे अधिक गंभीर मानतात. पेट्रोल इंजिनात कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असते. तो तसाच राहिला, तर गळती व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटमधून होत असते आणि बहुतेक वेळा हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवण्याइतकेच काम लागते; ब्लॉक खोलावा लागत नाही.