निवृत्तीची रक्कम खात्यावर जमा झाली. आता घाई कसली?

(म्युच्युअल फंडांचे वितरक म्हणून आमच्या नव्या-जुन्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

१ जून हा आपल्याकडे फार लोकांचा वाढदिवस. खरी जन्मतारीख घरात कुणाला आठवत नसे, मग पोराला शाळेत घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. त्यामुळे आजही ३१ मे आला की शाळा-कचेऱ्यांमधून सेवापूर्तीचे सत्कार घाऊक होतात. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणं. मग पावसाळ्यात पैसे जमा व्हायला लागतात आणि मंडळी आमच्याकडे चौकशीला येऊ लागतात. त्यातले काही उशिरा येतात, म्हणजे रक्कम कुठेतरी अडकून गेल्यावर. हे पत्रक इतरांच्या हाती त्याआधीच पडावं म्हणून छापलं आहे.

आमचा अनुभव असा की निवृत्तीची रक्कम योजना चुकली म्हणून क्वचित जाते. ती भिडेखातर जाते, भीतीपोटी जाते, नाहीतर चार लोकांत आपलं वजन राहावं म्हणून जाते. आणि बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच जाते. म्हणून व्याजदरांच्या आधी थोडं मनाविषयी.

पगार आणि 'आलेले पैसे'

पगार महिन्याला यायचा आणि महिन्यात संपायचा. तीस-पस्तीस वर्षं हीच सवय. अचानक भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार आणि पेन्शन विकल्याची रक्कम असं सगळं काही आठवड्यांच्या अंतराने येऊन पडतं. पासबुकावर एवढे आकडे आयुष्यात कधी पाहिलेले नसतात. मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून घासाघीस करणारा माणूस एका चहाच्या पेल्यावर पाच लाखांचा शब्द देऊन बसतो, तो याच दिवसांत.

यात तुम्ही एकटे नाही. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाला २०१७ साली नोबेल मिळालं, त्याच्या कामाचा एक मोठा भाग हाच होता: माणूस मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्याशी वेगळं वागतो. पगाराचा रुपया जपून खर्चतो, 'आलेला' रुपया सैल हाताने. रुपया मात्र तोच असतो. पेन्शन विकल्याची रक्कम तर बक्षीस नव्हेच. तुमच्याच पुढच्या १५ वर्षांच्या पेन्शनचा तो तुकडा आहे, आज उचललेला. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, तोवर दरमहा तेवढं कमीच हाती येणार.

आणखी एक फरक आधीच लक्षात घ्या. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, तिच्यावर महागाई वाढ मिळते. चूक झाली तरी महिन्याची चूल पेटते. पण कारखान्यातून, दूध संघातून किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांची ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन तुटपुंजी असते; तिची किमान मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. अशा माणसाची जमा रक्कम हीच त्याची पेन्शन. शेजारच्या गुरुजींनी पैसे कुठे गुंतवले, हे त्याने ऐकावं जरूर, पण त्याबरहुकूम वागू नये.

भीड

'तुमचे पैसे आले म्हणे?' हा प्रश्न भावकीत कोण आधी विचारतो, ते पाहून ठेवा.

पुतण्याला ट्रॅक्टर घ्यायचाय, जावयाला दुकान वाढवायचंय, मेहुण्याचा फ्लॅट हप्त्यात अडकलाय. मागणारे लबाड नसतात, अडचण बहुतेकदा खरी असते. म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. शिवाय आयुष्यभर हात आखडता घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच 'देणारा' होण्याची संधी आलेली असते, आणि त्यात एक सुख आहे हेही खरं. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण आपल्या आजीपणजींनी उगीच जपलेली नाही.

आम्ही देऊ नका असं सांगत नाही. मुलांना, भावंडांना द्यायचं असेल तर नवरा-बायकोने दार लावून आकडा ठरवावा. ती रक्कम वेगळ्या खात्यावर काढावी आणि परत येणार नाही असं धरूनच द्यावी. आली तर आनंद. त्या आकड्यापुढे कुणी मागितलं तर 'सगळे पैसे पाच वर्षांसाठी अडकवलेत' हे उत्तर तयार ठेवा. आमचं नाव पुढे केलंत तरी चालेल; वाईटपणा घ्यायला आम्ही बसलोच आहोत.

जामीन राहण्याचं मात्र वेगळं सांगावं लागतं, कारण त्यात पैसे द्यावे लागत नाहीत, नुसती सही करायची असते, आणि म्हणून ती पटकन होते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. कर्जदाराकडून आधी वसूल करा आणि उरलं तर माझ्याकडे या, असं बँकेला सुनावता येत नाही.

भीती, आणि ओळखीचा चेअरमन

काही जण भिडेला बळी पडत नाहीत, ते घाबरून बसतात. सगळी रक्कम एकाच बँकेत, बहुधा घराजवळच्या, कारण तिथला मॅनेजर नमस्कार करतो. किंवा गावच्या पतपेढीत, कारण चेअरमन वर्गमित्र आहे आणि व्याज टक्का-दीड टक्का जास्त आहे.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी बेरीज एकच धरतात. सहकारी बँकाही यात येतात. पतपेढ्या, म्हणजे सहकारी पतसंस्था, यात येत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण आमच्याकडे येणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतं. पतसंस्था चांगली चाललेली असू शकते, कित्येक आहेतही. पण ती अडचणीत आली तर तुमच्या ठेवीमागे हा विमा उभा नाही.

बँक अडचणीत आली म्हणजे काय होतं, ते सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या खातेदारांनी पाहिलं. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. तेव्हा रक्कम दोन-तीन बँकांत विभागून ठेवा. मॅनेजरचा नमस्कार कमी होईल, तेवढं सोसा.

भीतीची दुसरी बाजू दिसत नाही म्हणून जास्त महाग पडते. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की खर्च दुप्पट व्हायला लागणारी वर्षं ढोबळमानाने मिळतात. ६ टक्के धरले तर १२ वर्षं. ५८ व्या वर्षी घरखर्च ३०,००० असेल तर सत्तरीत ६०,००० आणि ब्याऐंशीत १,२०,०००. दवाखाना वेगळा. मुद्दलाला हात लावला नाही या समाधानात राहणाऱ्याचं मुद्दल आकड्याने तेवढंच राहतं, मात्र त्यात येणारं वाणसामान वर्षागणिक कमी होत जातं.

'दरमहा पाच टक्के'

महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के, आणि व्याज पुन्हा गुंतवलं तर जवळजवळ ८० टक्के. कोणताही सरळ धंदा एवढं कायम देऊ शकत नाही. पण जाहिरात बघून कुणी फसत नाही; फसतो तो शेजाऱ्याच्या खात्यावर पहिला हप्ता आलेला पाहून. पहिले हप्ते वेळेवर येतातच, त्याशिवाय पुढची माणसं कशी येणार? महिना ५ टक्क्यांनी दहा महिने मिळाले तर तुमचे निम्मे पैसे तुम्हालाच परत मिळालेले असतात, त्यावर 'व्याज' असं लिहून. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या बंद दुकानापुढे पैसे परत मागायला जमलेल्या गर्दीला आठवड्याच्या आठवड्याला परतावा कबूल केलेला होता. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त होते. पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत साठीतल्या माणसाची कितीतरी वर्षं निघून जातात.

याच सुमाराला फोनही येऊ लागतात. समोर खाकी वर्दी, तुमच्या नावावर गुन्हा, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, पैसे 'तपासणीसाठी' पाठवा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा, लाज वाटून दोन दिवस घालवू नका.

मग करायचं काय?

आधी काहीच नाही. रक्कम आपल्याच बँकेत कमी मुदतीच्या ठेवीत टाका आणि दोन महिने मन शांत होऊ द्या. आमच्याकडेही सही करू नका.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी ६० व्या वर्षापासून मिळते. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही ती घेता येते, पण निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत, आणि मिळालेल्या लाभांच्या रकमेपुरतीच. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना आणि राज्य कर्मचाऱ्यांना हे लागू पडतं. मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबावं लागतं. रक्कम कधी मिळाली त्याचा कार्यालयाचा दाखला जपून ठेवा. योजनेची मर्यादा एका व्यक्तीला ३० लाख, मुदत ५ वर्षं. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडताना असलेला दर तुमच्यासाठी मुदतभर कायम राहतो. एप्रिल २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत तो ८.२ टक्के होता. म्हणजे ३० लाखांवर दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये, करपात्र. हे खातं पोस्टात किंवा बँकेत उघडता येतं. आम्हाला यातून काही मिळत नाही, तरी आम्ही पहिलं नाव याचंच घेतो.

आम्ही म्युच्युअल फंडांचे वितरक आहोत, सल्लागार नाही. तुमच्याकडून फी घेत नाही, फंड कंपनी आम्हाला कमिशन देते आणि ते शेवटी तुमच्याच पैशातून जातं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना आहे, त्यात वितरक नसतो आणि खर्च कमी असतो. मोबाइलवर स्वतः सगळं नीट करू शकत असाल तर ती घ्या, आम्हाला राग येणार नाही. (थोडा येईल.)

शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा घालू नका. २० जानेवारी २०२० ला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, ४२,००० च्या वर गेला होता. २३ मार्चला तो २६,००० च्या खाली बंद झाला. त्या दोन महिन्यांत आमचा फोन अखंड वाजत होता. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं होतं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त टोचतं. तेव्हा विकून बाहेर पडलेल्यांना अडाणी म्हणता येणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी घरखर्चाचा पैसा तिथे ठेवला होता, आणि घरखर्च थांबू शकत नाही. ज्यांचा दोन-तीन वर्षांचा खर्च वेगळा ठेवींत होता, ते थांबू शकले. धीर बहुधा असाच विकत मिळतो.

'मला त्यातलं काही कळत नाही'

हे वाक्य आम्ही घरातल्या बाईंकडून सर्वांत जास्त ऐकतो. सगळं 'ह्यांना' ठाऊक असतं, आणि ह्यांची डायरी ह्यांनाच लागते. मृत्युपत्राचा विषय काढला की 'अभद्र बोलू नका'. म्हणून इथे कोरडेपणाने लिहितो. बचत खातं आणि ठेवी जोडनावाने ठेवा, 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात' अशा पद्धतीने. प्रत्येक ठिकाणी वारसनोंद, म्हणजे नॉमिनीचं नाव, तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचं नाव असतं. नॉमिनीला पैसे हाती मिळतात, पण एवढ्यावरून तो मालक ठरत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. घरात मुलांमध्ये आधीच कुरबुर असेल तर मृत्युपत्र कराच. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची आणि दोन साक्षीदारांची सही हवी. साक्षीदार वारसांपैकी नसावेत.

वडिलांची एखादी जुनी ठेव विसरली गेली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधता येते. आमच्याकडे बसून शोधलंत तरी चालेल, त्याचे पैसे नाहीत.

येताना सगळी पासबुकं, चालू विम्याची कागदपत्रं, पेन्शनचा आदेश आणि डोक्यावर असलेल्या कर्जाचे उतारे आणा. त्याबरोबर गेल्या तीन महिन्यांचा घरखर्च कच्चा का होईना, एका कागदावर मांडून आणा. हा कागद सहसा घरी विसरतो आणि नेमका तोच लागतो. जोडीदार असेल तर दोघंही या. एकट्याने आलेल्या माणसाशी आम्ही चहा घेत हवं तेवढं बोलतो, पण त्या दिवशी कुठल्याही अर्जावर सही घेत नाही.