सपाट केलेल्या टेकडीची माती जाते कुठे?

सेकंड लाइफ हे आभासी जग 2003 साली खुलं झालं. तिथला जमिनीचा एक प्रदेश 256 मीटर लांब आणि तितकाच रुंद. आपल्या मालकीच्या तुकड्यावर लोक टेकडी उभी करतात, तळं खणतात, घरासाठी जागा सपाट करतात. पडद्यावर गवत, वाळू, खडक दिसतात, पण संगणकाकडे असतो आकड्यांचा एक तक्ता: जमिनीवरच्या कोणत्या बिंदूची उंची किती. या तक्त्याला हाइटमॅप म्हणतात.

आकडे किती बारीक, यावर बरंच ठरतं. प्रत्येक उंची 8 बिटमध्ये, म्हणजे आठ शून्य-एकांत साठवली तर उंचीच्या 256 पायऱ्याच मिळतात. डोंगर 512 मीटरचा असेल तर एकेक पायरी दोन मीटरची होते आणि उतारावर त्या स्पष्ट दिसतात. 16 बिटमध्ये 65,536 पायऱ्या, म्हणजे त्याच डोंगरावर एक सेंटीमीटरपेक्षाही लहान. म्हणून गंभीर कामाला 16 बिटच वापरावं.

सपाटीकरणाचा ब्रश, म्हणजे पडद्यावर जमीन घडवायचं साधन, फिरवला की त्याखालचे आकडे ठरलेल्या उंचीकडे सरकतात. मध्यभागी जास्त, कडेला कमी. गुळगुळीत करणारा ब्रश प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतो. तो फार फिरवला तर घळी आणि डोंगराच्या धारा दोन्ही पुसल्या जातात. आधी घराची जागा सपाट करावी आणि मग फक्त तिच्या कडा मऊ कराव्यात, हे बरं.

खऱ्या कामात टेकडी कापली की माती निघते, ती कुठेतरी भरावाला टाकावी लागते. ब्रशखालची माती मात्र नाहीशी होते. माझ्या मते अनेक आभासी डोंगर खोटे वाटतात ते यामुळेच: तिथे मातीचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

संगणकतज्ज्ञ केन पर्लिन यांनी 1980च्या दशकात शोधलेल्या नॉइजच्या, म्हणजे सलग पण अनियमित चढउतार देणाऱ्या आकड्यांच्या पद्धतीने चढउतार झटपट तयार होतात. मोठ्या लाटेवर लहान, तिच्यावर आणखी लहान लाट चढवली की डोंगररांग उभी राहते. पण ती कधी पाऊस न पाहिलेली. तिथल्या खोलगट जागा एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे नदीला वाटच सापडत नाही. 1989 साली मसग्रेव्ह, कोल्ब आणि मेस या संशोधकांनी अशा भूभागावर धूप, म्हणजे पाण्याने होणारी झीज, संगणकात घडवून दाखवली. धुपेच्या गणितात पाणी उतारावरून जाताना गाळ उचलतं आणि वेग मंदावला की तो खाली टाकतं. वरून गेलेली माती खाली सापडते. दऱ्या एकमेकींना मिळतात, पायथ्याशी गाळाचे पंख्यासारखे थर पसरतात आणि डोंगराला वय येतं.

तरीही हाइटमॅपची एक अडचण पाऊस पाडून सुटत नाही. एका बिंदूला एकच उंची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे. माथ्याच्या कडेखाली आधी हवा, मग पुन्हा जमीन. एवढं एका आकड्यात मावत नाही. असा कडा हवा असेल तर त्याचं वेगळं त्रिमितीय मॉडेल करून डोंगराला जोडतात, नाहीतर सगळ्या जागेचेच घनाकार तुकडे, म्हणजे व्हॉक्सेल, करून प्रत्येकात खडक आहे की हवा हे नोंदवतात. माइनक्राफ्ट या खेळात हीच पद्धत आहे, एक मीटरचे ठोकळे. तिथे डोंगराच्या पोटात गुहा खणता येते ती त्यामुळेच.