कार्डावरचा मोठा आकडा वाचायचा, बारका आकडा लिहायचा

वैशाखात बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, रात्रभर चालते, आणि नेमका आमच्या गल्लीचा चित्ररथ पुढं आला तेव्हाच भाच्याचं रेकॉर्डिंग थांबलं. कॅमेरा चालू, बॅटरी फुल, पण स्क्रीनवर मेसेज की मेमरी कार्ड स्लो आहे. "मामा, कार्ड नवीन हाय की, १०० एमबी लिहिलंय बघा त्याच्यावर," म्हणत होता आणि आवाज रडवेला, कारण पोरं महिनाभर त्या देखाव्यासाठी खपली होती आणि तो परत थोडाच येणार.

घरी येऊन कार्ड नीट बघितलं तेव्हा सगळं कळलं. ते १०० एमबी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट, पण तो कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतानाचा, म्हणजे वाचण्याचा वेग, तोही जास्तीत जास्त. लिहिण्याचा वेग वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा बराच कमी असतो. व्हिडिओ काढताना कॅमेरा लिहितो, वाचत नाही. भाच्याच्या कार्डावर सी अक्षराच्या पोटात १० होते, म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला कमीत कमी १० मेगाबाइटची हमी, त्याच्यावर काही नाही. आणि कॅमेरा फोर-के, म्हणजे एकदम बारीक तपशिलाच्या व्हिडिओला सेकंदाला १०० मेगाबिट पाठवत होता. बिट आणि बाइट इथं गफलत होते बघा, ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा मेगाबाइट. हमी १० ची, गरज साडेबाराची.

मग थांबायच्या आधीची पहिली वीस मिनिटं रेकॉर्डिंग कसं चाललं? आपल्याकडं उसाचा हंगाम बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कारखान्यावर ट्रॅक्टर येतात, यार्डात जागा असते तोवर पटापट आत जातात, पण गव्हाणीत ऊस पडायचा वेग ठरलेला, यार्ड भरलं की लाइन थेट रस्त्यावर. कार्डाचंही तसंच. आत फ्लॅश मेमरी असते, तिच्या बारक्या बारक्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून माहिती ठेवतात, आणि स्वस्तात जास्त जागा हवी म्हणून एकेका कप्प्यात ३ बिट बसवतात, म्हणजे विजेच्या ८ पातळ्या अचूक ओळखायला लागतात, ते काम सावकाशीचं. म्हणून बऱ्याच कार्डांत थोडा भाग कप्प्याला १ बिट असा झटपट लिहायला ठेवतात. ते आपलं यार्ड. ते भरलं की खरा वेग उघडा पडतो. त्यात फ्लॅशला लिहिलेल्या जागेवर तसंच परत लिहिता येत नाही, आधी पुसायला लागतं, आणि पुसायचं तर एकदम मोठा ब्लॉकच. त्यामुळं अर्धं भरलेलं, सारखं खोडलेलं कार्ड अजून अडखळतंय. मोकळं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्यायचं ते ह्याच्यासाठी.

तर दुकानात बारका आकडा बघा. सीमधले १० आणि यूमधला १, दोन्हीची हमी १० एमबीची. यूमध्ये ३ असेल किंवा व्हीपुढं ३० असेल तर ३० ची, आणि साध्या फोर-केला, ड्रोनला, लग्नाच्या शूटिंगला हे पुरतं. व्ही ६० आणि व्ही ९० महाग, ते मोठ्या कॅमेऱ्यांचं काम. ए १, ए २ हे वेगळंच, ते फोनमध्ये कार्डावर ॲप ठेवणाऱ्यांसाठी, तिथं सलग वेग नाही तर सेकंदाला किती बारकी कामं होतात ते मोजतात, ए १ ला कमीत कमी १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं.

साइजचं बोलायचं तर ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर साधारण ५९ दिसतं, त्यात दुकानदारानं फसवलं असं नाही, कंपनी १००० नं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ नं. पण जुना कॅमेरा फक्त एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घेणारा असेल तर ३२ जीबीच्या वर जाऊ नका, ६४ चं कार्ड एसडीएक्ससी असतं, बाहेरून सेम टू सेम दिसतं पण तो ओळखेलच असं नाही.

खरी फसवणूक दुसरीच. बाजारात ५१२ जीबी म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या काही कार्डांत आत १६ नाहीतर ३२ च असतात, आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, खोटं बोलायला लावलेलं असतं. कॉपी झाली असं दाखवतंय, फोटोची नावंपण दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. कुणाच्या हळदीचे फोटो असे गेले तर ते कुठून आणायचे? म्हणून नवीन कार्ड आणलं की एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर लावायचं, ते अख्खं कार्ड भरतंय आणि परत वाचून ताडून बघतंय. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

चोर्ला घाटातून रोज गोव्याला जाणाऱ्या गाड्यांच्या डॅशकॅमला, म्हणजे पुढच्या काचेमागं लावलेल्या कॅमेऱ्याला, मात्र वेगापेक्षा टिकाऊपणा बघा, कारण तिथं दिवसभर पुसणं आणि लिहिणं चालू, वर काचेमागचं ऊन, आणि प्रत्येक पुसण्याला कप्पा थोडा झिजतोच. हाय एंड्युरन्स लिहिलेलं घ्या.

भाच्यानं आता व्ही ३० ची ६४ जीबीची दोन कार्डं घेतलीत. साडेबाराच्या हिशोबानं एकात साधारण ८५ मिनिटं बसतात. पहिलं तासाभरात काढतो, खिशात ठेवतो, दुसरं घालतो, आणि आपला चित्ररथ यायच्या आधी कुठलं कार्ड आत हाय ते मला दाखवून जातो.