नागासाकीच्या टेकडीवरची ती घरं खरीच जुनी आहेत

‘अणुबॉम्बने नागासाकीत काहीच उरलं नाही; ग्लोव्हर गार्डन या टेकडीवरच्या बागेतली युरोपीय व्यापाऱ्यांची घरं नंतर बांधलेल्या प्रतिकृती आहेत,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. संहार इतका भयानक होता की हे सहज पटतं. पण ते खरं नाही.

९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब फुटला तो शहराच्या उत्तरेला, उराकामीच्या खोऱ्यावर. ही टेकडी तिथून दक्षिणेला सुमारे साडेचार किलोमीटरवर आहे आणि मधल्या डोंगरांनी स्फोटाचा जोर अडवला. नकाशावर अंतर मोजून पाहा.

१८६३ चं ग्लोव्हर हाउस मूळ जागीच उभं आहे. रिंगर आणि ऑल्ट ही घरंही तशीच. ग्लोव्हर हाउसचं छप्परच पाहा ना: व्हरांडा पाश्चात्त्य, पण वर जपानी कौलं, कारण बांधणारे सुतार जपानी होते! पाश्चात्त्य लाकडी घरांत जपानमध्ये टिकलेलं हे सर्वांत जुनं.

गैरसमजाला थोडा आधार मात्र आहे. बागेतल्या काही इमारती, उदाहरणार्थ गोदीवरच्या खलाशांचं १८९६ चं विश्रामगृह, शहरातून उचलून इथे पुन्हा उभारल्या आहेत. पण त्याही नकला नव्हेत. कोणती इमारत मूळ जागची, कोणती हलवलेली, हे बागेच्या माहितीपत्रकात तपासता येतं.