घट्ट म्यान आणि पकड असलेलं म्यान

चाकूसाठी घरी प्लॅस्टिकचं म्यान करणारा नवखा माणूस शेवटी एकच चाचणी घेतो. चाकू आत सरकवायचा, म्यान उलटं धरायचं आणि हलवून बघायचं. चाकू पडला नाही की काम फत्ते. पण चाकू न पडण्याची कारणं दोन असतात. एकतर प्लॅस्टिकनं पात्याला टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडून आवळून धरलेलं असतं, नाहीतर पातं आत जवळजवळ मोकळं असतं आणि प्लॅस्टिकनं मुठीच्या पुढच्या भागाला फक्त एका जागी अडवलेलं असतं. पहिलं घट्ट म्यान, दुसरं पकड असलेलं. उलटं धरलं तर दोन्ही म्यानं पास होतात. रोजच्या वापरात मात्र घट्ट म्यान पातं खराब करतं आणि कधीतरी हातही कापतं.

फरक कळतो तो चाकू ओढताना. पकड असलेल्या म्यानाच्या तोंडाशी अंगठ्यानं रेटा दिला की पहिल्या काही मिलिमीटरला जोर लागतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग पातं अलगद बाहेर येतं. परत घालताना शेवटी तोच आवाज येतो आणि चाकू नीट बसला हे न बघताही कळतं. घट्ट म्यानात असा टप्पाच नसतो. सुरुवातीला जोर, मध्येही जोर आणि टोक तोंडाशी आलं की सगळा विरोध एकदम संपतो. त्या क्षणी हातात पूर्ण ताकद असते, धार उघडी असते आणि दुसऱ्या हातानं म्यान धरलेलं असतं. याच झटक्यात हात कापला जातो.

असं का होतं ते समजलं की करताना कुठं काय जपायचं ते आपोआप लक्षात येतं. घट्ट म्यान घर्षणावर चालतं. घर्षण हे दाबावर आणि पृष्ठभागावर अवलंबून असतं, आणि दोन्ही गोष्टी बदलत राहतात. पातं ओलं झालं, तेलकट झालं, प्लॅस्टिक आतून घासून गुळगुळीत झालं की आज घट्ट वाटणारं म्यान काही महिन्यांत सैल होतं. पकडीचं म्यान मात्र प्लॅस्टिकच्या स्प्रिंगसारख्या लवचिकपणावर चालतं. मुठीपुढचा उंचवटा म्यानातल्या एका अरुंद जागेतून जाताना प्लॅस्टिकच्या भिंती किंचित फाकतात आणि उंचवटा पलीकडे गेला की परत मिटतात. पेनाचं टोपण टक् करून बसतं ते असंच. ओलं असो की कोरडं, उंचवट्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे पकडही टिकते.

या कामासाठी बहुतेक जण वापरतात ते कायडेक्स. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचं हे थर्मोप्लॅस्टिक १९६५ च्या सुमारास अमेरिकेत आलं, ते विमानांच्या आतल्या सजावटीसाठी. म्यानासाठी १.५ किंवा २ मिलिमीटर जाडीची शीट पुरते. मोठ्या, जड चाकूला २.४ ची घ्यावी. साधारण १६० ते १७५ अंश सेल्सियसला ही शीट जाड ओल्या कापडासारखी लोंबकळू लागते, आणि तेव्हा दाबली की चाकूचा आकार घेते. गार झाली की तोच आकार राहतो. पुन्हा तापवली की ती परत सपाट व्हायला बघते. नवख्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे, कारण दाबणं चुकलं तरी छिद्रं पाडायच्या आधी शीट वाया जात नाही.

जास्त तापवलं तर मात्र परत फिरता येत नाही. आधी वरची खरखरीत नक्षी पुसली जाऊन चकाकी येते, मग बुडबुडे येतात, आणि त्याच्याही पुढे गेलं तर पीव्हीसीचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो. म्हणून स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला वापरू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि उग्र वास आला की तापवणं तिथेच थांबवावं. पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून, सपाट करून सराव करणारेही असतात. तो कमी उष्णतेत मऊ होतो, त्यामुळे तो तापवताना कायडेक्सचं तापमान लावू नका.

आता मुख्य मुद्दा. म्यान घट्ट होणार की पकडीचं, हे शीट ओव्हनमध्ये जायच्या आधीच बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. ते ठरतं मास्किंग टेपवर.

नवखा माणूस टेप लावतो ती पात्यावर चरे पडू नयेत म्हणून. ते खरंच आहे, पण टेपचं मोठं काम जागा राखायचं आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना टेपचे दोन-तीन थर चढवले की दाबताना प्लॅस्टिक तेवढं लांब राहतं, आणि टेप काढल्यावर पात्याभोवती तेवढीच मोकळी जागा उरते. टेप न लावता दाबलं तर प्लॅस्टिक पात्याला चिकटूनच बसणार, आणि घट्ट म्यान हातात येणार. याउलट, मूठ संपून धार सुरू होईपर्यंतचा बिनधारेचा भाग, गार्ड (बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून मुठीपुढं असलेली आडवी पट्टी) असेल तर तो, आणि मुठीचा पुढचा फुगीर भाग, इथं टेप पातळ, फार तर एकच थर. पकड इथंच तयार होणार आहे, त्यामुळे इथला आकार स्पष्ट उमटायला हवा. पातं सैल आणि मुठीचा सांधा नेमका, एवढं एक सूत्र पाळलं तर पहिलंच म्यान बरंच चांगलं होतं.

धारेवर टेप लांबीनं दुमडून लावावी, म्हणजे दाबताना धार प्लॅस्टिकमध्ये रुतणार नाही आणि तुमच्या बोटांनाही लागणार नाही. धार उघडी ठेवून कधीही चाकूवर शीट दाबू नका.

पात्यावर खोबणी, भोकं किंवा अंगठ्यासाठी कोरलेल्या खाचा असतील तर त्या बुजवायच्या. मऊ प्लॅस्टिक दाबाखाली त्यांत शिरतं आणि गार झाल्यावर चाकूला आतूनच कुलूप लागतं. अशा वेळी चाकू निघता निघत नाही आणि नवख्याला वाटतं, वा, काय पकड आहे. ती पकड चुकीच्या जागी असते. खाचेवर टेपचे थर चढवून ती पात्याशी सपाट करून घेतली की हा प्रश्न मिटतो.

पानासारखं, मध्ये रुंद असणारं पातं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. रुंद भाग बाहेर येताना म्यानाच्या तोंडाजवळच्या अरुंद भागातून जातो. तिथं त्याला वाट नसेल तर प्रत्येक वेळी धार प्लॅस्टिक खरवडत बाहेर येणार. यावर उपाय म्हणजे पात्याच्या पाठीला (धारेच्या विरुद्ध कडेला), अरुंद भागात, लाकडाची पातळ पट्टी टेपनं बांधून दाबणं. तेवढ्या जागेची एक वाट तयार होते आणि रुंद भाग तिच्यातून निघून जातो.

दाबण्यासाठी दोन फळ्या, प्रत्येकीवर साधारण २५ मिलिमीटर जाडीचा दाट फोम आणि चार क्लॅम्प एवढं साहित्य लागतं. गादीचा मऊ फोम चालत नाही. तो दबून जातो आणि मुठीपुढचा आकार अर्धवट उमटतो. गरम शीट ओव्हनमधून काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत क्लॅम्प आवळले गेले पाहिजेत, त्यामुळे हातमोजे, चाकू, फळ्या सगळं आधीच मांडून ठेवावं. मग दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. अर्धवट गार असताना उघडलं तर भिंती थोड्या फाकतात आणि मिळालेली पकड जाते.

म्यान दोन प्रकारे करता येतं: एकच शीट पाठीकडून दुमडून, किंवा दोन शीट समोरासमोर ठेवून दोन्ही कडांना आयलेट (छिद्रात बसवून दाबायच्या धातूच्या पोकळ कड्या) मारून. नवख्यानं दुमडीचं करावं असं मला वाटतं. साहित्य कमी लागतं, दुमड स्वतःच स्प्रिंगचं काम करते आणि आयलेट एकाच बाजूला मारावे लागतात. दोन शीटचं म्यान कमरेला जास्त सपाट बसतं, पण त्यात दोन्ही कडांचं अंतर जुळवावं लागतं.

आयलेटची जागा हा पकड ठरवणारा दुसरा टप्पा. चाकूच्या कडेपासून छिद्राची कड साधारण ६ मिलिमीटरवर असावी. त्याहून जवळ आणलं तर प्लॅस्टिक फाकायला जागा राहत नाही आणि पकड घट्टपणात बदलते. फार लांब नेलं तर भिंती सहज फाकतात आणि टक् नावापुरतं उरतं. म्यानाच्या तोंडाजवळचं पहिलं छिद्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण फाकणारी जागा त्याच्या शेजारी असते. चाकू आतच ठेवून, टेप तशीच असताना, छिद्रांच्या खुणा करा. छिद्रं पाडायच्या आधी मात्र चाकू बाहेर काढायचा.

तयार म्यान यांपैकी कोणतं झालंय हे ओळखायला सोपं आहे. चाकू पूर्ण बसवून मग तो फक्त ५ मिलिमीटर बाहेर काढा आणि सोडा. आता म्यान थोडंसं तिरकं केल्यावर चाकू आपोआप सरकत असेल तर पकड फक्त मुठीजवळ आहे, म्हणजे बरोबर आहे. अर्ध्यावरही तो अडून राहत असेल तर पातं आवळलं गेलंय. हे टेबलावर, खाली जाड टॉवेल ठेवून करावं, आणि सरकणारा चाकू हातानं झेलायचा नाही. आवळलं गेल्याची दुसरी खूण पात्यावर दिसते: टोकाच्या दिशेनं समांतर, बारीक चरे. म्यान झटकल्यावर आतून प्लॅस्टिकचा बारीक भुसा पडत असेल तर धार कुठंतरी भिंत तासतेय.

म्यानात चाकू किंचित खुळखुळतो म्हणून अनेकजण नाराज होतात आणि तोंडापासून टोकापर्यंत सगळंच आवळत बसतात. पकड नेमकी असेल तर तो हलका खुळखुळाट राहू द्यावा.

दुरुस्तीही प्रकारानुसार वेगळी. पकड कमी असेल तर हीट गननं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं) फक्त मुठीजवळचा पट्टा तापवा, चाकू आत घाला आणि हातमोजा घालून त्या जागी बोटांनी दाबून गार होऊ द्या. पातं आवळलं असेल तर पात्यावर टेपचा आणखी एक थर चढवा, मधला भाग हळूहळू तापवा आणि चाकू आतच ठेवून गार होऊ द्या. हीट गन एका जागी धरून ठेवू नका, ती फिरती हवी. आयलेट मारल्यानंतर संपूर्ण म्यान मात्र परत ओव्हनमध्ये घालू नये. शीट सपाट व्हायला निघते आणि छिद्रांपाशी ओढली जाते.

घट्ट म्यान सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायच्या सुरीला फक्त धार झाकणारं कव्हर हवं असेल तर हलकं घर्षण पुरतं, कारण ती कमरेला लटकणार नाही आणि घाईत ओढली जाणार नाही. गार्ड नसलेल्या, सरळसोट मुठीच्या चाकूंना काय करायचं, हाही प्रश्न येतो. तिथं म्यान जास्त खोल करावं, म्हणजे मुठीचा पुढचा एक तृतीयांश भाग आत जाईल आणि प्लॅस्टिक मुठीच्या फुगवट्याला धरेल. तिथंही पातं मोकळंच राहायला हवं.

उन्हात बंद गाडीच्या काचेखाली कायडेक्सचं म्यान ठेवू नका. साधारण ७५ ते ८० अंशांपासून ते दाबाखाली वाकू लागतं आणि आधी जाते ती मुठीजवळची पकड. कडा घासून झाल्या की आतला भुसा साबणाच्या पाण्यानं धुवून काढा. टोकाशी एक छोटं छिद्र असेल तर पाणीही तिथूनच निथळतं. म्यान आणि चाकू दोन्ही पूर्ण कोरडे झाल्यावरच चाकू आत घाला, आणि काढताना दुसऱ्या हाताची बोटं नेहमी पाठीच्या बाजूला ठेवा, धारेच्या बाजूला नाही.